रित्या डब्याची रीत

मी वनरक्षक आहे. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून 'नाकेदार' म्हणतात आणि मला तेच बरं वाटतं, कारण वनरक्षक म्हटलं की उगाच वाटतं, हा कुणाचं तरी रक्षण करत असेल. मी चालतो. सकाळी क्वार्टरमधून निघतो, बीट, म्हणजे माझ्या वाट्याचं जंगल, फिरतो, दुपारी भात खायला येतो, परत निघतो. नोकरीची थोडीच वर्षं उरलीत आणि गुडघे माझ्याआधीच निवृत्त झालेत. बायको म्हणते, तुम्ही घरात शिरता तेव्हा आधी गुडघ्यांचा आवाज येतो, मग तुमचा.

आम्ही दोघं मूळचे कुरखेड्याकडचे. बदल्या होत होत नागभीडच्या पलीकडच्या या गावात येऊन पडलो. गाव लहान. मधे धानाला पाणी देणारी बोडी, म्हणजे छोटंसं तळं, आणि तिच्या मातीच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पलीकडे उतरलं की जंगल. आमचं क्वार्टर गावाच्या टोकाला, आणि आमच्याही पुढे एकच घर. तिथे ती म्हातारी राहायची. नवरा केव्हाच वारला होता. मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेला, तिकडेच त्यानं बायको केली आणि तिकडचाच झाला. वर्षातून एकदा कुणाच्या तरी हाती साडी पाठवायचा.

तिला रेशनचा तांदूळ मिळत होता, म्हणून कागदावर ती उपाशी नव्हती. पण तांदूळ कच्चा खाता येत नाही. सरपण आणायची ताकद नाही म्हणून ती दोन दिवसांतून एकदा चूल पेटवायची आणि दुसऱ्या दिवशी तोच आंबलेला भात मिठाशी खायची. हे मला फार उशिरा कळलं. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी फक्त एवढंच पाहिलं की एक म्हातारी ओल्या सागाची फांदी विळ्यानं कापते आहे.

मार्च महिना होता. मी दमलेलो होतो आणि दमलेला माणूस नियमाला जास्त धरून असतो. मी तिला चार शब्द सुनावले, विळा काढून घेतला आणि घरी आणला. बायकोनं विळा पाहिला. मुठीला चिंधी गुंडाळलेली होती, पातं झिजून बोटभर उरलं होतं.

"कोनाचा आनला?"

मी सांगितलं.

"मंग आता थे भाजी कायनं चिरन?" असं म्हणून तिनं माझ्या ताटातला भात थांबवला, मुलीचा शाळेतला जुना स्टीलचा डबा काढला, त्यात भात आणि लाखोळीचं वरण भरलं, वर विळा ठेवला आणि म्हणाली, "जा. देऊन या." मुलगी लग्न होऊन बल्लारपूरला गेल्यापासून बायको सगळा हुकूम माझ्यावरच चालवते. मी भर उन्हात गेलो. मनात दयाबिया काही नव्हती, लवकर जेवायला बसता यावं एवढीच इच्छा होती.

संध्याकाळी म्हातारी डबा परत द्यायला आली. कमरेत पार वाकलेली. चालताना डावा पाय उचलायची नाही, ओढायची, त्यामुळे धुळीत तिच्यामागे एक रेघ उमटत यायची. ओट्यावर बसली, डबा घासून लख्ख केलेला. बायकोनं झाकण उघडलं तर आत मूठभर मोहफुलं.

"हे काऊन वो आजी?"

"भांडं रितं नाई धाडत," म्हातारी म्हणाली.

ही रीत आमच्याकडेही आहे. शेजारणीची वाटी परत करताना निदान चिमूटभर साखर तरी घालतात. आम्हाला कौतुक वाटलं. बायकोनं फुलं वाळत घातली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा भरला. मग तिसऱ्या दिवशी. आणि असं करता करता ते रोजचं झालं. रोज दुपारी मी डबा पोचवायचा, रोज संध्याकाळी ती परत आणणार, ओट्यावर घटकाभर बसणार, आणि डब्यात काहीतरी असणार. एप्रिलात चारोळीच्या झाडाची फळं, मे महिन्यात तेंदूची टेंभरं, पाऊस लागल्यावर कुड्याची फुलं.

इथे माझ्या हातून चूक झाली, आणि ती इतकी साधी होती की आजही मला तिचा राग येतो. आषाढात एकदा डब्यात सात्या आल्या. पावसात वारुळावर उगवतात त्या अळंब्या, आमच्याकडे त्यांना सात्या म्हणतात, आणि त्यांच्यापुढे मटण काय चीज आहे. बायकोनं लसूण घालून केल्या. मी दोनदा भात घेतला. संध्याकाळी म्हातारी आली तेव्हा मी ओट्यावरून म्हणालो, "आजी, सात्या लय गोड होत्या." एवढंच बोललो. तिचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. कुणाला चांगलं बोलायला काय जातं, असं आपण म्हणतो. जातं, पण कुणाचं जातं ते आपल्याला दिसत नाही.

त्याच पंधरवड्यात बोडीच्या पलीकडच्या जंगलात वाघीण आली. सोबत दोन पिल्लं. गावात बातमी माझ्याआधी पोचली होती, पण सांगायचं काम माझं. मोटारसायकलला भोंगा बांधून गल्लीगल्लीतून फिरलो. बोडीपलीकडे जाऊ नका. गेलात तर एकटे जाऊ नका. खाली वाकून काम करू नका, कारण वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतो. शेवटच्या घरासमोर मी जरा जास्तच जोरात ओरडलो. म्हातारी दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हणत होतो वाकू नका, आणि ती बिचारी मुळात सरळ होऊच शकत नव्हती.

तीन-चार दिवसांनी सकाळी पाळीपलीकडच्या वाटेवर मला वाघिणीचा ठसा सापडला. रात्रीचा पाऊस थांबलेला, चिखल मऊ, ठसा ताजा. मी टेप काढून मोजायला बसलो, म्हणजे गुडघ्यांना शिव्या देत बसलो. मोजताना दिसलं की पंजा कशावर तरी उमटलाय. खाली एक अनवाणी पाऊल होतं. लहान, रुंद बोटांचं. आणि त्याच्या शेजारी चिखलात डाव्या पायाची ओढलेली रेघ.

रेघ आत गेलेली होती आणि बाजूनं परतही आलेली होती, तेवढं बघितलं तेव्हा माझा श्वास सुटला. पण वाघीण तिच्यामागूनच त्या वाटेवरून गेली होती. किती वेळानं, ते चिखल सांगत नाही. अर्धा तास असेल किंवा पाच मिनिटं. मी तिथेच ओल्या मातीत बसून राहिलो. आदल्या रात्री आमच्या ताटात सात्या होत्या. मी त्या बोटं चाटून खाल्ल्या होत्या.

तिथून सरळ तिच्या घरी गेलो आणि तिच्यावर ओरडलो. भीती वाटली की मी ओरडतो, ही माझी जुनी खोड. "आजी, तुमाले भोंगा ऐकू येत नाई का? वाघीन हाये तिकडे. तुमच्या पायावर पाय देऊन गेली थे."

"ऐकलो ना बापा," ती शांतपणे म्हणाली. "मी पहाटेच जाऊन येतो. घडीभराचं काम."

तिच्याकडे बाया अशाच बोलतात, पुरुषासारखं 'येतो', 'जातो'. मला त्या दिवशी त्याचंही हसू आलं नाही.

"पन जाताच काऊन?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या नाकेदाराला एवढंही कळू नये याचं तिला नवल वाटलं असावं. "डब्बा रिता कसा धाडू? मी का भिकारीन आहो?"

मी म्हणालो की आम्हाला काही नको, डबा रिकामाच आणा. त्या दुपारी मी डबा नेऊन दारात ठेवला. दुसऱ्या दिवशी गेलो तर तो तिथेच, तसाच. मुंग्या लागलेल्या. मी नवा भात ठेवला. तोही तसाच राहिला. आमचं बोलणं तिनं नीट ऐकलं होतं आणि तिचं उत्तर दिलं होतं.

मग बायको गेली. बायकांची बोलणी वेगळी असतात. ती समजूत घालून आली, की आजी, जंगलातलं नको, घरातलंच काही घाला, चिमूटभर का होईना. म्हातारीला पटलं. संध्याकाळी डबा आला आणि बायकोनं झाकण उघडलं. आत तांदूळ होता. चांगला ओंजळभर, तिच्या रेशनचा. आम्ही तिला शिजवलेला द्यायचा आणि तिनं आम्हाला कच्चा परत करायचा, म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात. बायकोनं डबा मांडीवर घेतला. मला म्हणाली, "हे काय होऊन राह्यलं जी?"

खरं सांगतो, मला कंटाळा आला होता. दया करायचाही कंटाळा येतो, हे कुणी सांगत नाही. दिवसभर वाघिणीच्या मागे रान तुडवायचं, गावकऱ्यांची बोलणी खायची, आणि घरी आलं की एका मूठभर म्हातारीच्या मानापानाचा गुंता सोडवत बसायचं. मनात आलं, कशाला दिला तो विळा परत. डबा बंद केला तर ती आंबलेल्या भातावर जाणार. चालू ठेवला तर जंगलात जाणार. माझ्या हातात दोनच वाटा होत्या आणि दोन्हीकडून तिचा जीव जात होता.

तोड बायकोनं काढली. क्वार्टरमागे पळस आहे, पावसात त्याची पानं ताटाएवढी होतात. एका दुपारी तिनं चार पानं काडीनं टाचली, त्यात भात-भाजी बांधली, वरून दोरा गुंडाळला आणि पुडा माझ्या हातात दिला.

"भांडंच नाई त रितं काय जाईन?"

ही बाई एखाद्या कचेरीत असती तर साहेबांना घरी बसावं लागलं असतं. आणि खरंच, म्हातारीनं पुडा घेतला. उलटसुलट करून पाहिला, हसलीसुद्धा. पान खाऊन फेकायचं असतं, परत द्यायचं नसतं. रीत मोडली नाही, मान गेला नाही, जंगलही बंद. सात-आठ दिवस मी छाती काढून फिरलो. संध्याकाळी ती डबा घेऊन येत नव्हती, त्यामुळे मला ओट्यावर पाय पसरून एकट्याला बसता यायला लागलं. तेही मला आवडलं, हे लपवत नाही.

नवव्या की दहाव्या दिवशी पाळीवर मला पुन्हा ती रेघ दिसली.

रेघ आत गेलेली होती. परत आलेली नव्हती. मी पळालो. या गुडघ्यांनी मी पळालो हे बायकोला अजून खरं वाटत नाही. हातातली काठी झाडांवर आपटत, ओरडत गेलो. दोनेक शेत अंतरावर एक मोठं वारूळ आहे, तिथे ती बसलेली होती. पाय पसरून, हात मांडीवर. जवळ टोपली नाही, विळा नाही. वारुळावर सात्या उगवलेल्या होत्या, तिनं एकीलाही हात लावलेला नव्हता.

शेजारी बसलो, धाप जिरवली. आजूबाजूला माकडं शांतपणे पाला खात होती, म्हणजे वाघीण जवळ नव्हती. मग विचारलं, "आता काऊन आल्या, आजी? आता त डब्बाबी नाई."

"म्हनूनच," ती म्हणाली.

मला कळलं नाही. ती जमिनीकडे पाहत बोलत होती. "डब्बा होता त दिवसाले काम होतं, बापा. सकाळी उठलो का आज का घालू, हे मनात राहे. मंग शोधाचं, निवडाचं, डब्बा घासाचा, तुमच्या घरी जाऊन बसाचं. आता तुमी पान आनता, मी खातो, पान फेकतो. मंग का करू? भिंतीकडे पाहू?"

मी तिला हाताला धरून परत आणलं. वाटेत ती मला म्हणाली की वाघिणीची तिला भीती नाही, वाघीणही लेकुरवाळी आहे, पोटासाठी फिरते. आम्ही तिला जेवू घालत होतो आणि तिच्याकडचं रोजचं एक काम काढून घेतलं होतं, आणि त्या कामालाच ती जगणं म्हणत होती. एवढी साधी गोष्ट मला वारुळाशेजारी बसून कळावी, याची लाज वाटली. चीडही आली. गरीब माणसानं नुसतं पोट भरून गप्प बसावं, असं मलाही आतून कुठेतरी वाटत होतंच की.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग मीच म्हणालो, "उद्यापासून आपन तिच्याकडे जेवाले जाऊ. पुडा नाई, डब्बा नाई. आपलं जेवन घेऊन तिच्या आंगनात."

"रोज?"

"रोज."

"तुमच्या या गुडघ्यानं?"

"आता पळून आलो ना त्याच गुडघ्यानं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. बायकोच्या डोक्यावर भाताची गंजी, म्हणजे पातेलं, माझ्या हातात भाजीचं भांडं आणि पत्रावळी. म्हातारी दारात बसली होती. आम्हाला दोघांना येताना पाहून घाबरली. तिला वाटलं, काहीतरी वाईट बातमी आहे.

"का झालं?"

"काई नाई आजी," बायको म्हणाली. "आमच्या क्वार्टरचा पत्रा तापते. तुमच्या मोहाखाली सावली हाये. इथी जेवू म्हटलं."

श्रावणातलं ढगाळ आभाळ होतं, कसला पत्रा तापतो. म्हातारीनं वर आभाळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि आत गेली. मला वाटलं, आता ही पुन्हा रागावली. तर ती झाडू घेऊन बाहेर आली. अख्खं अंगण झाडलं, कोपरे न सोडता. आम्ही दोघं भांडी हातात धरून उभे. बायको हात पुढे करायला गेली तर म्हातारीनं तिला कोपरानं बाजूला सारलं. मग पोतं अंथरलं, ते झटकून पुन्हा अंथरलं. गुंडातून पाणी आणलं, हात धुवायला घातलं. माझे गुडघे ठणकत होते, पोटात कावळे ओरडत होते, आणि तिची लगबग संपत नव्हती. तिला एवढी घाई करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी बसलो. बायकोनं तीन पत्रावळींवर भात वाढला, भाजी वाढली. मी घास उचलला तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "थांबा नाकेदार," आणि भिंतीला धरून उठली. घरात गेली. आत डबे सरकल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिची मूठ बंद होती. आधी माझ्या पानावर वाकली आणि भाताच्या कडेला चिमूटभर मीठ ठेवलं. मग बायकोच्या पानावर. मग स्वतःच्या.

"माया घरी जेवून राह्यले," ती म्हणाली, "त मीठ माया घरचं."

मला डॉक्टरांनी वरून मीठ घ्यायला मनाई केली आहे. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी बोट मिठात बुडवलं आणि जिभेला लावलं. जाडं मीठ होतं, ओलसर झालेलं, डब्याच्या तळाचं असणार. आपल्याकडे म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं. मी आयुष्यभर हे फक्त सरकारच्या बाबतीत ऐकलं होतं.

ती सावकाश जेवली. भात संपल्यावर पानाची घडी घालून बाजूला ठेवली आणि तोंड पुसत म्हणाली, "उद्या याच टाइमाले येजा. मी घरीच हाये, कुठी नाई जात."

महिनाभर मी भोंगा घेऊन गावभर हेच ओरडत फिरलो होतो. मी हो म्हणालो. गुडघ्यांना विचारलं नाही.